एका वाड्यातली दोन बिऱ्हाडं

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ती सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळं काम उबुंटू या लिनक्सवर चालतं, म्हणून आपल्या लॅपटॉपवरही विंडोजच्या शेजारी उबुंटू टाकायचं तिनं ठरवलं. डिस्कवर जागा मोकळी केली, पेन ड्राइव्ह तयार केला, कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे वैध सही नसलेला प्रोग्रॅम सुरुवातीला चालू न देणारी सोय, बंद केलं. उबुंटू बसलं, छान चाललं. मग विंडोज सुरू करायला गेली, तर निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली गेली. ‘मामा, मी कुलूप लावलंच नव्हतं,’ असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. त्या विंडोजच्या भागात तिचा प्रोजेक्ट होता, आणि तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, ओव्यांच्या वहीची स्कॅन केलेली पानं होती. मूळ वही 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात गेली. स्कॅनची दुसरी प्रत कुठं आहे, हे त्या क्षणी आम्हा दोघांनाही आठवेना.

त्या रात्रीनंतर मी हा सगळा विषय मुळापासून धरला. एका संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदतात, दोघांकडे आपापल्या कुलूपबंद फाइली असतात. मग एका बाजूला बसून दुसऱ्या बाजूचं उघडता येतं का? आलं तर कशानं, आणि कुठं हात भाजतो? 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून पाहणारे माझ्या ओळखीतसुद्धा वाढले. त्यांतल्या बहुतेकांना हा प्रश्न आज ना उद्या गाठणार आहे.

पहिली गोष्ट समजली ती धीर देणारी होती. दोन्ही बाजूंचं गणित एकच आहे. विंडोजचं बिटलॉकर असो की लिनक्सचं लक्स, आतला मजकूर बहुधा एईएस या पद्धतीनंच कुलूपबंद होतो. योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ती रचली आणि 2001 मध्ये अमेरिकेनं ती प्रमाण म्हणून स्वीकारली. ही पद्धत उघड आहे, कोणीही वाचू शकतं. म्हणजे लिनक्सला बिटलॉकर उघडता येत नसेल किंवा विंडोजला लक्स कळत नसेल, तर अडचण गणितात नसते. ती असते किल्ली कुठं आणि कशी ठेवली आहे त्यात. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं असावीत, दोघांची कुलपं एकाच कारखान्यातली असावीत, पण एकानं किल्ली कोनाड्यात ठेवावी आणि दुसऱ्यानं कमरेला लावावी, तसं हे आहे.

डिस्कवरचा मजकूर ज्या किल्लीनं बंद होतो, ती किल्ली म्हणजे तुमचा पासवर्ड नव्हे. ती लांबलचक, कुणालाही पाठ न होणारी संख्या असते. डिस्क पहिल्यांदा कुलूपबंद होते तेव्हा संगणक ती आपणच तयार करतो आणि एका छोट्या पेटीत बंद करून डिस्कवरच ठेवतो. तुमचा पासवर्ड उघडतो ती ही पेटी. म्हणूनच पासवर्ड बदलला तरी पाचशे जीबीची डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही, पेटीचं कुलूप तेवढं बदलतं. एकाच किल्लीच्या अशा अनेक पेट्या ठेवता येतात. क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी लक्सची आखणी केली तेव्हा आठ पेट्यांची सोय ठेवली होती, लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत ती 32 पर्यंत गेली. बिटलॉकरमध्येही पेट्या आहेत, पण त्यांची जात वेगवेगळी आहे. एक पासवर्डनं उघडते, एक 48 आकड्यांनी, एक पेन ड्राइव्हवरच्या फाइलनं. आणि एक पेटी अशी असते की ती माणसाला उघडताच येत नाही. तिची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपकडे असते.

भाचीचा सगळा घोळ या शेवटच्या पेटीचा होता. हल्लीच्या लॅपटॉपवर विंडोज पहिल्यांदा सुरू करून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन केलं की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप लागू होतं. होम आवृत्तीतसुद्धा. 2013 च्या विंडोज 8.1 पासून ही सोय आहे, आणि 2024 साली आलेल्या विंडोज 11 च्या 24 एच 2 आवृत्तीत तिच्या अटी आणखी सैल झाल्या. चोरीच्या दृष्टीनं ही फार चांगली गोष्ट आहे. रेल्वेत लॅपटॉप गेला तर चोराच्या हाती लोखंड लागतं, तुमचे फोटो लागत नाहीत. पण आपल्या डिस्कला कुलूप आहे, हे मालकाला ठाऊकच नसतं. रोज सकाळी टीपीएम चिप गुपचूप किल्ली देते, दार उघडतं, आणि दाराला कुलूप होतं हे कधी जाणवतच नाही.

चिप किल्ली देते ती खातरजमा करून. संगणक सुरू होताना फर्मवेअर कोणतं, सिक्युअर बूट चालू आहे का, आणि पुढचा प्रोग्रॅम कोणाच्या सहीचा, याची नोंद टप्प्याटप्प्यानं चिपमध्ये होत जाते. ही नोंद कुलूप लावतानाच्या नोंदीशी जुळली तरच किल्ली बाहेर येते. सिक्युअर बूट बंद केलं की नोंद बदलली. किल्ली अडली. विंडोजनं मग दुसरी पेटी पुढं केली, 48 आकड्यांची.

त्या रात्री मी तिला एवढंच करायला सांगितलं: पुन्हा फर्मवेअरमध्ये जा, सिक्युअर बूट होतं तसं चालू कर, आणि ग्रबच्या, म्हणजे संगणक सुरू होताना सिस्टिम निवडायला देणाऱ्या लिनक्सच्या बूटलोडरच्या, यादीतून विंडोज न निवडता फर्मवेअरच्याच बूट मेन्यूतून निवड. नोंद पूर्वीसारखी झाली आणि विंडोज मुकाट्यानं उघडलं. हा दुसरा भाग, ग्रब टाळण्याचा, पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ग्रबच्या यादीत ‘विंडोज’ असं नाव दिसतं, त्यावर एंटर दाबायला हात शिवशिवतो. पण त्या वाटेनं गेलं की चिपच्या नोंदीत मधे लिनक्सच्या बूटलोडरची सही येते. ती सही वैध असली तरी वेगळी असते, आणि मग बिटलॉकर 48 आकडे मागू शकतं. सिस्टमडी-बूट या बूटलोडरमध्ये यासाठी मुद्दाम एक पर्याय आहे. बिटलॉकर दिसलं की तो विंडोजला परस्पर सुरू करत नाही, फर्मवेअरला ‘पुढच्या वेळी विंडोज’ असं सांगून संगणक पुन्हा सुरू करतो. ग्रबवाल्यांनी एफ 12 किंवा आपल्या लॅपटॉपची जी काही कळ असेल ती लक्षात ठेवावी.

सगळं सुरळीत असतानाही वाट अडू शकते, हे ऑगस्ट 2024 मध्ये दिसलं. 13 तारखेच्या विंडोज अपडेटनं बूटलोडरच्या जुन्या, धोकादायक आवृत्त्या नाकारण्याची यादी संगणकांवर पाठवली. दोन सिस्टिम असलेल्या संगणकांवर ती लागू होणार नाही असं सांगितलेलं होतं, पण पुष्कळ ठिकाणी झाली, आणि लोकांचं लिनक्स सुरूच होईना. मग सिक्युअर बूट बंद करा, असा उपाय सगळीकडे फिरू लागला. ज्यांच्याकडे बिटलॉकर होतं त्यांना तो उपाय 48 आकड्यांच्या पडद्यापाशी घेऊन जाणारा होता. एका बिऱ्हाडाची दुरुस्ती करताना दुसऱ्याचं दार अडतं ते असं. म्हणून फर्मवेअरमधलं काहीही बदलण्यापूर्वी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर ‘सस्पेंड’ करावं. तेवढ्यानं डिस्क उघडी लिहिली जात नाही, फक्त किल्ली तात्पुरती कोनाड्यात काढून ठेवली जाते. काम झालं की पुन्हा चालू.

आता उलटा प्रश्न. उबुंटूत बसून विंडोजच्या त्या बंद भागातली फाइल काढायची आहे. हे आज शक्य आहे, आणि अगदी सोपं आहे. पूर्वी यासाठी डिसलॉकर नावाचा प्रोग्रॅम वापरत. तो बंद पार्टिशनची एक उघडी आभासी फाइल तयार करतो, ती फाइल मग पुन्हा माउंट करायची. दोन पायऱ्या, दोन आज्ञा, आणि दोन्हीकडे चुकायला जागा. फेब्रुवारी 2020 मध्ये क्रिप्टसेटअपच्या, म्हणजे लिनक्सवर लक्सची कुलपं हाताळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, 2.3 आवृत्तीनं बिटलॉकर ओळखायला सुरुवात केली. तेव्हापासून उबुंटू किंवा फेडोराच्या फाइल मॅनेजरमध्ये त्या ड्राइव्हवर क्लिक केलं की पासवर्डची खिडकी येते. विंडोजमध्ये पासवर्ड लावलेला ड्राइव्ह असेल तर तो पासवर्ड, नसेल तर ते 48 आकडे मधल्या आडव्या रेघांसकट घालायचे. ड्राइव्ह उघडतो, वाचता येतो, लिहिताही येतं. टीपीएमची पेटी मात्र लिनक्सला उघडत नाही. ती विंडोजच्याच नोंदीला बांधलेली असते. म्हणजे रिकव्हरी की हाताशी नसेल तर लिनक्सचा इथं काही उपयोग नाही, आणि तसा उपयोग होत नाही म्हणूनच ते कुलूप आहे.

लिहिताही येतं असं म्हटलं, पण सिस्टिमच्या ड्राइव्हवर लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. शटडाउन म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि डिस्कवर कुठं काय आहे याचा आपला हिशोब सोबत घेऊन झोपतं. त्या अवस्थेत लिनक्सनं काही लिहिलं, तर जागं झालेलं विंडोज जुन्या हिशोबानं चालतं आणि दोघांच्या लिहिण्यात फाइली चिरडतात. म्हणून विंडोजचे ड्राइव्ह लिनक्सवर उघडणारा एनटीएफएस-3जी हा ड्रायव्हर अशा वेळी ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो किंवा उघडायलाच नकार देतो. लोक या नकाराला वैतागतात आणि जबरदस्तीच्या आज्ञा शोधतात. तो नकार तुमच्या भल्यासाठी आहे. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन बंद करणं, हाच खरा मार्ग. 2021 च्या अखेरीस लिनक्सच्या 5.15 कर्नलमध्ये पॅरागॉन कंपनीचा एनटीएफएस 3 ड्रायव्हर आला, लिहिण्याचा वेग वाढला, पण झोपलेल्या विंडोजच्या अंगावर लिहिण्याचा धोका तोच राहिला.

विंडोजमधून लिनक्सकडे पाहिलं की चित्र फार उदास आहे. लक्स 2004-05 च्या सुमारास आलं. त्या काळात विंडोजवरून ते उघडणारा फ्रीओटीएफई नावाचा एक प्रोग्रॅम होता, तो बंद पडला. त्याच्यावरून निघालेला लिब्रेक्रिप्टही पुढं थांबला. आज भरवसा ठेवावा असं, लिनक्सच्या आधाराशिवाय चालणारं साधन माझ्या पाहण्यात नाही. उरतो तो एकच बरा मार्ग, विंडोजच्या पोटातलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल 2. विंडोज 11 मध्ये एखादी आख्खी डिस्क त्याला जोडून देता येते आणि मग आतल्या लिनक्सकडून लक्सचं कुलूप उघडून घेता येतं. यातला ‘आख्खी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकच पार्टिशन वेगळं काढून जोडता येत नाही, आणि ज्या डिस्कवरून विंडोज स्वतः चालू आहे ती तर जोडताच येत नाही. भाचीच्या लॅपटॉपवर, आणि बहुतेक विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर, एकच एसएसडी असते. दोन्ही बिऱ्हाडं एकाच डिस्कवर. त्यामुळे हा मार्ग डेस्कटॉपवर दोन डिस्क असणाऱ्यांसाठी किंवा बाहेरच्या डिस्कसाठी. एकट्या डिस्कच्या लॅपटॉपवर लक्सच्या फाइली विंडोजमधून दिसणार नाहीत, असं समजूनच मांडणी करावी.

इथं एक धोका जवळून दाखवतो, कारण यात मी स्वतः होरपळता होरपळता वाचलो. लक्सनं बंद केलेली बाहेरची डिस्क विंडोजला लावली. विंडोजला आतलं काही कळत नाही, त्याला ते पार्टिशन कोरं किंवा बिघडलेलं वाटतं. मग पडद्यावर एक सभ्य खिडकी येते, की हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करायला हवा, करू का? खाली दोन बटणं. कर्सर आधीच होकाराच्या बटणावर. घाईत, बोलता बोलता, तिला आणि पुढच्या खिडक्यांनाही एंटर दाबत गेलं, की झालं. लक्सच्या सगळ्या पेट्या पार्टिशनच्या अगदी सुरुवातीच्या भागात असतात. दुसऱ्या आवृत्तीत हा भाग साधारण 16 एमबीचा असतो. तेवढ्यावर फिरवलेला हात पुढच्या एक टीबी मजकुराला कायमचा मुका करतो. पासवर्ड बरोबर असून उपयोग नाही, कारण पासवर्डनं जी पेटी उघडायची ती पेटीच गेलेली असते. म्हणून लक्सच्या हेडरची प्रत काढून ती दुसरीकडे जपून ठेवणं हे मी पासवर्ड लक्षात ठेवण्याइतकंच आवश्यक मानतो. क्रिप्टसेटअपमध्ये त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे, काही सेकंद लागतात. पार्टिशनचा प्रकार नीट ‘लिनक्स’ असा नोंदवलेला असेल तर विंडोज त्याला ड्राइव्हचं अक्षर सहसा देत नाही आणि ती खिडकीही येत नाही, तेवढंही तपासून घ्यावं.

आतापर्यंत आख्ख्या पार्टिशनच्या कुलपांबद्दल झालं. याखेरीज एकेक फाइल बंद करण्याच्या दोन जुन्या पद्धती अजून घराघरांत सापडतात, आणि जुना संगणक विकताना किंवा डिस्क बाहेर काढताना त्या अचानक आडव्या येतात. विंडोज 2000 मध्ये ईएफएस आलं. फाइलवर उजवं क्लिक करून एक खूण केली की ती बंद, नाव मात्र जुन्या एक्सप्लोररमध्ये हिरवं दिसायचं. लिनक्समधून पाहिलं तर फाइलचं नाव दिसतं, आकार दिसतो, पण उघडायला गेलं की परवानगी नाही. रूटचे, म्हणजे सर्वाधिकार, हाती असले तरी. कारण किल्ली त्या विंडोज वापरकर्त्याच्या प्रमाणपत्रात असते आणि प्रमाणपत्र त्याच्या लॉगिन पासवर्डच्या आधारानं बंद असतं. आधीच ते प्रमाणपत्र पीएफएक्स फाइल म्हणून बाहेर काढून ठेवलेलं असेल, तर लिनक्सवर एनटीएफएस-3जीबरोबरच्या एनटीएफएसडिक्रिप्टनं फाइल उघडते. काढून ठेवलेलं नसेल आणि कुणी पेन ड्राइव्हवरून बूट करून विंडोजचा पासवर्ड पुसून टाकला, तर फाइली गेल्या. गावोगावच्या दुकानांत विसरलेला पासवर्ड असा पुसून देण्याचं काम सर्रास चालतं, आणि ईएफएसची खूण आहे का हे आधी विचारलं जात नाही.

लिनक्सच्या बाजूला याचं भावंड म्हणजे ई-क्रिप्ट-एफएस. उबुंटू बसवताना ‘होम फोल्डर एन्क्रिप्ट करा’ असा चौकोन कित्येक वर्षं असायचा. एप्रिल 2018 च्या 18.04 पासून तो गेला. पण त्याआधी बसवलेल्या डिस्क अजून कपाटांत आहेत. अशी डिस्क दुसऱ्या लिनक्सला लावली तर आत अगम्य नावांच्या फाइली दिसतात. ती उघडायला एक खास आज्ञा आहे, ती जुना लॉगिन पासवर्ड मागते. पासवर्ड पुढं कुणी परस्पर बदलला असेल तर पहिल्या दिवशी दाखवलेली 32 अक्षरी खूण लागते. पडद्यावर ती आली तेव्हा ‘लिहून ठेवा’ असं सांगितलेलं असतं. किती जणांनी लिहिली असेल?

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांना या पद्धतीचा एक जाच आहे, त्याबद्दल कुणी बोलताना मला आढळलं नाही. लिनक्सच्या ईएक्सटी 4 या फाइल सिस्टिममध्ये फाइलचं नाव 255 बाइटपर्यंत असू शकतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ई-क्रिप्ट-एफएसमध्ये नावही कुलूपबंद होत असल्यामुळे मर्यादा 143 बाइटांवर येते, म्हणजे जेमतेम 47 देवनागरी चिन्हं. ‘आईच्या हस्ताक्षरातल्या जात्यावरच्या ओव्या भाग दुसरा’ हे साधं नाव घ्या. मोजलं तर ते बरोबर 143 बाइट भरतं, आणि पुढं पीडीएफचं शेपूट लागलं की 147. विंडोजवर ही फाइल सुखानं नांदते, कारण तिथं मर्यादा 255 चिन्हांची आहे. कॉपी करताना मात्र ‘नाव फार लांब’ म्हणून ती मागं राहते, आणि पाचशे फाइलींच्या गर्दीत एक मागं राहिलेली कुणाच्या लक्षात येते? लक्समध्ये हा त्रास नाही, तिथं नावांना वेगळं कुलूप नसतं. पण ईएक्सटी 4 चे 255 बाइट तिथंही आहेतच. नावं आखूड ठेवावीत.

याहून चमत्कारिक घोळ पासवर्डचा. पासवर्ड मराठीत ठेवावा असं मलाही वाटायचं. समजा, ‘बिऱ्हाड’ हा शब्द पासवर्डात आहे. यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कळफलकावर ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. आत बाइट वेगळे. कुलूप बाइट पाहतं, अक्षराचं रूप पाहत नाही. विंडोजच्या कळफलकावर ठेवलेला पासवर्ड लिनक्सच्या कळफलकावर चुकीचा ठरतो आणि माणूस आपल्याच आठवणीवर संशय घेत बसतो. शिवाय लक्सचा पासवर्ड बूट होतानाच मागितला तर त्या क्षणी मराठी कळफलक बहुधा नसतोच. मातृभाषेचं प्रेम मनात ठेवूनही सांगतो, दोन सिस्टिममध्ये लागणारा पासवर्ड साध्या रोमन अक्षरांत आणि अंकांत असावा. मराठी शब्द रोमन लिपीत लांबलचक लिहिले तरी चालतात. चार-पाच असंबद्ध शब्द सलग लिहिले की पासवर्ड भक्कम होतो आणि लक्षातही राहतो.

आता माझ्या मते या प्रश्नाचं जे खरं उत्तर आहे, त्याकडे येतो. एकानं दुसऱ्याच्या खोलीत शिरायचं नाही. दोघांनी मिळून वापरायची एक सामाईक खोली काढायची, आणि तिचं कुलूप असं निवडायचं की दोघांकडे त्याची किल्ली असेल. सिस्टिमचे ड्राइव्ह ज्याचे त्याच्याकडे: विंडोजचा बिटलॉकरनं बंद, लिनक्सचा लक्सनं बंद. जाणाऱ्या-येणाऱ्या फाइली सामाईक खोलीत.

या खोलीसाठी सर्वांत मुरलेलं साधन व्हेराक्रिप्ट. त्याचा वारसा सांगण्यासारखा आहे. 2004 साली ट्रूक्रिप्ट आलं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारं, फुकट, आणि ज्यांनी ते बनवलं ते कधी समोर आले नाहीत. 28 मे 2014 ला त्यांच्या संकेतस्थळावर अचानक सूचना लागली की हे आता सुरक्षित मानू नका, बिटलॉकरकडे वळा. जगभर खळबळ उडाली. त्याआधीच मॅथ्यू ग्रीन आणि केन व्हाइट यांनी वर्गणी काढून त्याची तपासणी हाती घेतलेली होती. 2015 च्या एप्रिलमध्ये ती पुरी झाली, आणि मुद्दाम ठेवलेलं चोरदार सापडलं नाही. तोवर मुनीर इद्रासी यांनी त्याच पायावर 2013 मध्ये सुरू केलेलं व्हेराक्रिप्ट उभं राहिलं होतं. 2016 मध्ये त्याचीही बाहेरच्यांकडून तपासणी झाली, गंभीर चुका निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झाल्या. चुका निघाल्या म्हणून माझा त्यावरचा विश्वास वाढला. तपासूच न दिलेल्या कुलपाचं मला जास्त भय वाटतं.

व्हेराक्रिप्टमध्ये हवी तेवढी, समजा 50 जीबीची, एकच फाइल तयार होते. पासवर्ड दिला की ती ड्राइव्हसारखी उघडते. लिनक्समध्ये तीच फाइल, तोच पासवर्ड, तीच आतली कागदपत्रं. ती तयार करताना आतली फाइल सिस्टिम एक्सफॅट निवडावी. जुन्या फॅटमध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट विंडोजला मुळातच येतं, आणि 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याची माहिती खुली केल्यावर लिनक्स कर्नलमध्येही ते आलं. एक पथ्य कडक पाळायचं: एका सिस्टिममधून बाहेर पडताना खोली बंद करूनच पडायचं. ती उघडी ठेवून विंडोज झोपवलं आणि लिनक्समध्ये जाऊन तिच्यात लिहिलं, तर वर सांगितलेलाच सत्यानाश. जुन्या ट्रूक्रिप्टच्या फाइली कुणाकडे असतील तर त्यांनी लक्षात घ्यावं की 2023 मध्ये आलेल्या व्हेराक्रिप्टच्या 1.26 मालिकेनं त्या उघडणं सोडलं. लिनक्सचं क्रिप्टसेटअप मात्र अजून त्या उघडतं.

बहुतेक काम विंडोजवर आणि विंडोजची प्रो आवृत्ती असेल, तर एक वेगळं पार्टिशन काढून त्याला पासवर्डवालं बिटलॉकर लावणंही सोयीचं आहे. लिनक्स ते वर सांगितल्याप्रमाणे उघडतं. होम आवृत्तीत असं पार्टिशन तयार करता येत नाही, तयार झालेलं उघडता येतं. फाइली ऑनलाइन साठवणीतही ठेवायच्या असतील तर क्रिप्टोमेटर चांगलं. ते फाइल फाइल वेगळी बंद करतं, त्यामुळे एक ओळ बदलली म्हणून 50 जीबी पुन्हा चढवावे लागत नाहीत, आणि फोनवरही चालतं. दोन-चार कागद कुणाला पाठवायचे असतील तर हे काहीच नको, 7-झिपमध्ये एईएस लावलेली पासवर्डची फाइल पुरते, फक्त नावंही बंद करण्याची खूण करावी. मॅकवाल्यांपुढे हा प्रश्न आता फारसा नाही. 2020 मध्ये ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्या आणि मॅकवर विंडोज बसवण्याचं बूट कॅम्प मागं पडलं. जुन्या इंटेल मॅकवर दोन सिस्टिम असतील तर सामाईक खोलीचा उपाय तिथंही तसाच लागू पडतो.

भाचीच्या लॅपटॉपवर आता अशीच सामाईक खोली आहे. पण त्याआधी 48 आकडे शोधायचे होते. विंडोज उघडलं होतं तरी की कागदावर नसेल तर पुढच्या वेळी काय? तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहिलं, तिथं ती नव्हती. मग उलगडा झाला. लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या माणसानं ‘चालू करून देतो’ म्हणून दुकानाच्याच खात्यानं साइन इन केलं होतं, आणि की त्या खात्यात जाऊन बसली होती. तिनं आपलं खातं नंतर जोडलं. आम्ही उघड्या विंडोजमधूनच जुनी की रद्द केली, नवी तयार केली, आणि ती तिच्या खात्यात नि कागदावर अशी दोन्हीकडे घेतली. नवा लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येकानं पहिलं साइन इन स्वतःच्या खात्यानं, स्वतःच्या हातानं करावं, ही विनंती मी तेव्हापासून भेटेल त्याला करतो.

हे सगळं केलं त्या रविवारी ती आमच्याकडे आली होती. आईच्या फोटोखालच्या टेबलाशी बसून तिनं वहीत सहा-सहा आकड्यांचे आठ गट उतरवले. मी तिला सांगितलं की या प्रत्येक गटाला 11 नं भाग जातो. तशीच त्यांची रचना असते, म्हणजे उतरवताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर त्या गटाला भाग जात नाही. तिनं कॅल्क्युलेटर घेतला. पहिल्या चारांना गेला. पाचव्याला गेला नाही. पडद्यावर पुन्हा पाहिलं तर 3 च्या जागी तिनं 8 लिहिला होता. तो खोडून पुन्हा भाग दिला, बाकी शून्य आली, आणि ती सहाव्या गटाकडे वळली.